टॉवेलच्या पोटातली भाकरी

टॉवेल हे हत्तुऱ्यांच्या कुत्र्याचं नाव आहे, हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागे. "टॉवेल मोकळा आहे, दार ओढून घ्या," असं शिवलीला म्हणाली की पाहुणा आधी वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायचा, आणि तेवढ्यात एक पांढरं केसाळ धूड त्याच्या छातीवर पंजे ठेवून उभं राहायचं. शिवलीलाचा नवरा मल्लिनाथ सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागांचा मास्तर होता. निवृत्त व्हायच्या आधी एकदा, खराब मालाच्या ढिगात त्याला हे पिल्लू सापडलं. ढीग कुठं संपतो आणि पिल्लू कुठं सुरू होतं हे कळत नव्हतं, म्हणून नाव तेच पडलं.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोल्यांत शिवलीलाचा कडक भाकरीचा कारखाना होता. कारखाना हा शब्द तिचा. विजेच्या चार शेगड्या, चार बायका आणि पाचवी ती. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पार खडखडीत करायची. अशी भाकरी महिनोन्महिने टिकते आणि बुक्की मारून फोडून खाता येते. थापायची यंत्रं एव्हाना गल्लोगल्ली आली होती. शिवलीला हातानंच थापायची, आणि तसं पाकिटावर छापायचीही. तिची भाकरी टोरंटोपर्यंत जात होती. आपली भाकरी न आवडणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते ती गंमत म्हणून म्हणत नसे.

अशा घरात कुत्र्याला काय घालायचं हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. तव्यावर फुटलेली, कडेनं करपलेली, पाकिटात न मावणारी भाकरी टॉवेलची. तो ती कडाकडा फोडून खायचा, शेपटी हलवायचा, आणि मग दिवसभर त्याच्या पोटात कुणीतरी सामान हलवतंय असे आवाज येत राहायचे. कान खाजवून खाजवून सोलवटायचे. गादीखालून असा वास यायचा की भाकरी थापणाऱ्या बायका पदर नाकाला लावायच्या. "हवा बदलली की होतं असं," शिवलीला म्हणायची. सोलापुरात हवा अशी बदलते तरी किती? पण तिला कुणी उलटून विचारलं नाही.

विचारलं ते तिच्या लेकीनं. नीलांबिका, म्हणजे नीला, हैदराबादला प्राण्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीत होती. दिवाळीआधी ती आठवड्याच्या रजेवर आली ती एक मणी आणि एक डबा घेऊन.

मणी ज्वारीच्या दाण्याएवढा होता. तो कुत्र्यानं गिळायचा. आतड्यात पोचला की तो आतल्या अस्तराला अलगद चिकटून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या अन्नाची चव घेई. कुठलं अन्न फुटलं, कुठलं तसंच पुढं गेलं, आतल्या जंतूंनी त्याचं काय केलं, कुठला वायू सुटला, हे सगळं तो बाहेरच्या डब्याला कळवी. डबा चांगला कमरेएवढा होता. त्यात दोन कप्पे. एकात धान्याचं कोरडं खाणं, म्हणजे तांदूळ, ज्वारी, ओट घालून केलेले टपोरे दाणे. दुसऱ्यात बिनधान्याचं, ज्याला बाजारात सगळे ग्रेन-फ्री म्हणतात, म्हणजे वाटाणे, हरभरे, रताळं घालून केलेलं. मण्याचा निरोप ऐकून डबा ज्या कप्प्याचं झाकण उघडेल ते त्या वेळचं जेवण.

"म्हणजे कुत्र्याला काय पाहिजे ते कुत्र्यालाच विचारायचं," नीला म्हणाली.

"कुत्र्याला विचारलं तर तो माझी चप्पल पाहिजे म्हणेल," शिवलीला म्हणाली.

"त्याच्या तोंडाला नाही गं आई. आतड्याला."

मल्लिनाथ आरामखुर्चीतून म्हणाला, "आतडं खरं बोलतं काय?"

"तोंडापेक्षा बरं बोलतं, अप्पा."

शिवलीलाला शंका वेगळीच होती. तिनं दाणे हातात घेऊन वास घेतला. "यात मांस आहे?"

"आहे. पण कुणाला मारलेलं नाही. टाकीत वाढवलंय."

टाकीत काय काय वाढतं ते यापुढं विचारायचं नाही असं शिवलीलानं मनाशी ठरवलं आणि डबा मागच्या पडवीत ठेवायला परवानगी दिली.

या दोन कप्प्यांवरून जगात बरीच वर्षं भांडणं चालू होती. एक बाजू म्हणे, लांडगा कधी कापणीला जातो का, मग कुत्र्याला धान्य कशाला? दुसरी म्हणे, कुत्रा म्हणजे काही लांडगा नव्हे, तुम्ही तरी झाडावर राहता का? माणसं आपापल्या मतांचीच पिशवी विकत घेत होती आणि कुत्री बिचारी मिळेल ते खात होती. मण्यानं या भांडणातून माणसालाच बाहेर काढलं. नीलाच्या कंपनीला त्याचा फार अभिमान होता. नीलालाही होता.

त्या आठवड्यात मण्याला नीट शिकता यावं म्हणून टॉवेलला डब्याशिवाय कुणी काही द्यायचं नाही असा नीलानं दम भरला होता, आणि पहारा ठेवायला ती स्वतः पडवीत अप्पांशेजारी बसायची. शिवलीला ऑर्डरींच्या धांदलीत, म्हणून दुपारचा स्वयंपाकही नीलानंच हातात घेतला. मऊ खिचडी, कढी, घोटलेली पालकाची भाजी. मल्लिनाथ दोनदा वाढून घ्यायचा.

"अप्पास्नी लेकीच्या हातचं गोड लागतंय की," शेगडीवरची सरूबाई म्हणाली.

शिवलीलानं भाकरी उलटली ती जरा जोरात. मल्लिनाथ काही महिन्यांत वाळला होता, हे तिलाही दिसत होतं. मागच्या उन्हाळ्यात त्याला भोवळ आली, तेव्हा डॉक्टरांनी मेंदूत बारीकशी गुठळी येऊन विरली असं सांगितलं होतं. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. तरी सदऱ्याची कॉलर गळ्यापासून लांब लांब होत चालली. रिटायर झालेला माणूस सुकतोच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि जेवणाला काही तो नाही म्हणत नव्हता. दुपारी ती ताट पडवीत नेऊन ठेवायची, भाकरी, दूध, चटणी, आणि पुन्हा शेगडीकडे पळायची. परत जाई तेव्हा ताट लख्ख. आता चार दिवस लेकीची खिचडी काय खाल्ली, तर गालावर तेज आल्यासारखं सगळे बोलत होते.

आठवड्याच्या शेवटी डब्यानं निकाल दिला. धान्याच्या कप्प्याचं झाकण बंद झालं ते उघडेचना.

"ज्वारीकडं पाठ फिरवतोय?" शिवलीला टॉवेलला म्हणाली. "या घरात राहून?"

---

प्राण्यांच्या डॉक्टर मेहजबीन बागवान विजापूर रस्त्यावर बसायच्या. वयानं नीलाएवढ्याच, पण बोलताना समोरच्याला घाई नाही असं धरून चालणाऱ्या. त्यांनी टॉवेलच्या लाळेची जनुकतपासणी करून घेतली आणि नीला हैदराबादला परत गेल्यावर शिवलीलाला बोलावलं.

"काकू, ह्याचे आजोबा काही सोलापूरचे नव्हते."

"मग कुठले? विजापूरचे?"

"सैबेरियाचे."

शिवलीलानं टॉवेलकडे पाहिलं. टॉवेलनं जांभई दिली.

"बर्फात गाड्या ओढणारी कुत्री असतात ना, त्या घराण्यातला आहे. कुणीतरी हौसेनं आणली असतील, आणि सोलापूरचा उन्हाळा बघून सोडून दिली असतील. आता नीट ऐका. धान्यात जे पीठ असतं, स्टार्च, ते फोडायला एक पाचकरस लागतो. अमायलेज. माणसाच्या लाळेतच असतो तो. म्हणून भाकरी खूप वेळ चावली की गोड लागायला लागते. कुत्र्याच्या लाळेत तो नसतो. त्याचं सगळं काम खाली, आतड्यात. आणि हा रस किती बनवायचा हे जनुकांवर. लांडग्याकडं त्याची कृती दोनदाच लिहिलेली असते. पुढं माणूस शेती करायला लागला. कुत्रा खळ्याशेजारी राहिला, आपलं उष्टं खात राहिला. ज्यांना ते पचलं त्यांची पिल्लं जगली. म्हणून आपल्या गावठी कुत्र्यांत तीच कृती पुन्हा पुन्हा लिहिलेली सापडते. हजारो वर्षं भाकरी खाऊन मिळवलेली इस्टेट आहे ती."

"आणि ह्याच्याकडं?"

"लांडग्याएवढीच. बर्फात कुठली आली ज्वारी?"

"म्हणजे ते ग्रेन-फ्रीवाले बरोबर."

"कोण म्हणालं? बहुतेक कुत्र्यांना धान्य झकास चालतं, आणि तुमच्या गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्याला तुमची भाकरी चालेल. उलट बिनधान्याच्या खाण्यात वाटाणे-मसूर ठासून भरतात, त्यानं काही कुत्र्यांचं हृदय सैल पडतं की काय, अशी शंका फार वर्षांपूर्वी आली होती. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. मणी त्यावरही लक्ष ठेवतो. मी जगातल्या कुत्र्यांचं सांगत नाही, काकू. ह्या एका कुत्र्याचं सांगते. ह्याची भाकरी बंद."

शिवलीला घरी आली ती कुणीतरी तिच्या माहेराला नावं ठेवल्यासारखी. पण डॉक्टरबाईंचं म्हणणं तिला पटलं होतं आणि पटलेली गोष्ट ती पाळायची. तिनं चारही बायकांना आणि मल्लिनाथला समोर उभं करून जाहीर केलं, की आजपासून या कुत्र्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा दिसला तर देणाऱ्याशी गाठ तिच्याशी आहे.

मल्लिनाथनं मान हलवली. तो तसाही फार बोलणारा माणूस नव्हता. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात काम केल्यावर बोलायची सवय सुटते, असं शिवलीला म्हणायची. तिला बोलायची सवय होती, त्यामुळे घरात काही कमी पडत नव्हतं.

टॉवेल सुधारला. कान भरून आले. गादीखालचा वास गेला. बायकांनी पदर खाली सोडले.

आणि मग, संक्रांत झाल्यावर, एका सकाळी डब्यानं धान्याच्या कप्प्याचं झाकण उघडलं.

शिवलीलाला आधी वाटलं डबा बिघडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात डबा टॉवेलला अर्धं जेवण धान्याचं द्यायला लागला आणि पुढं त्याहून जास्त. तिनं नीलाला फोन लावला. आवाज चढला होता, पण आनंदानं.

"तुझ्या डब्यालाही अक्कल आली. ज्वारी पचतीय म्हणतो."

"असं कसं होईल? त्याची जनुकं—"

"जनुकं तुझ्या कागदावर. खातोय कोण? माझ्या घरचं पाणी लागलं त्याला. सैबेरिया विसरला."

"आई, मी आकडे बघितलेत. खरंच ज्वारीचं पीठ छान फुटलेलं येतंय. डबा त्यावरूनच शिकतो. त्याला वाटतंय ह्याला धान्य चालतं, म्हणून तो वाढवतोय. पण मला काही कळत नाहीये."

"कळायला इथं येऊन राहावं लागतं," शिवलीला म्हणाली, आणि खूप दिवसांनी तिनं थापताना गाणं गुणगुणलं.

महाशिवरात्रीच्या आत टॉवेल आडवा झाला. जुलाब, उलट्या, पोट ढोलासारखं. डब्यासमोर बसून राहिला आणि झाकण उघडलं तरी तोंड लावेना. मल्लिनाथनं त्याला उचलायचा प्रयत्न केला, पण दोघांपैकी कुणाचीच ताकद पुरेना. शिवलीलानंच त्याला गोधडीत घालून डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्यांनी सलाईन लावलं, डबा बंद करायला सांगितला आणि नीलाकडून मण्याचे कच्चे आकडे मागवून घेतले. दोन दिवसांनी दुपारी त्यांनी शिवलीलाला एकटीलाच आत बोलावलं.

"काकू, घरात तान्हं बाळ आहे का?"

"बाळ? नीलाचं अजून लग्न नाही, डॉक्टरबाई. का हो?"

"मग लहान मूल? कुणी बाई मूल घेऊन कामावर येते?"

"नाही. झालं काय?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मण्याला दोन प्रकारचं धान्य दिसलंय. डब्यातले दाणे ह्याला बिलकूल पचलेले नाहीत, जसं व्हायला पाहिजे तसंच. पण त्यांच्याबरोबर रोज दुपारी ज्वारीची भाकरी येते, चांगली भरपूर, आणि ती आधीच निम्मी फुटलेली असते. ती फोडणारा रस टॉवेलचा नाही. माणसाच्या लाळेतला आहे. मणी दोन्ही मिळून हिशेब करत होता, म्हणून फसला. डबाही फसला. बाळाला आई घास चावून देते ना, तसं कुणीतरी ह्याला भाकरी चावून भरवतंय. अगदी बारीक, खूप वेळ चावून."

"शी," शिवलीला म्हणाली. "कोण असलं—"

तिचं वाक्य तिथंच राहिलं.

रोज दुपारी. चांगली भरपूर. एक ताटभर.

"काकू?"

"सोबत चटणी आहे काय हो?" तिनं विचारलं.

"नाही. नुसती भाकरी. आणि दूध."

---

घरी जायला तिनं बिनड्रायव्हरची रिक्षा धरली. ती रिक्षा प्रत्येक सिग्नलला शहाण्यासारखी थांबत होती. आत ओरडायला कुणी माणूस नव्हता, म्हणून ती समोरच्या काचेवरच ओरडली. काचेनं तिला सीटबेल्ट लावायला सांगितलं.

पुढच्या खोल्यांत शेगड्या तापलेल्या होत्या. ती बायकांशी न बोलता मधून सरळ मागं गेली आणि पडवीच्या दाराशी उभी राहिली.

मल्लिनाथ पाठमोरा बसला होता. समोर सरूबाईनं नेऊन ठेवलेलं ताट. टॉवेल दवाखान्यात, त्यामुळे त्याच्या शेजारची जागा रिकामी. त्यानं भाकरीचा तुकडा दुधात बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटले. तो चावत राहिला. एखादं माणूस देवळात डोळे मिटून बसतं तसा, कसलीही घाई नसल्यासारखा चावत राहिला. मग त्यानं मान थोडी पुढं घातली, गळ्याच्या शिरा ताणल्या, काहीतरी करायचा प्रयत्न केला, आणि ते जमलं नाही. त्यानं तोंडातला घास बोटांनी काढला आणि मांडीशेजारच्या केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला. तिथं आधीचे घास होते. दोन दिवस कुत्रं नव्हतं, म्हणून त्यानं ही व्यवस्था केली होती.

"अहो," ती म्हणाली.

तो दचकला. तोंडात नवा घास होता. बायकोनं पकडलेल्या माणसानं जे करू नये तेच त्यानं केलं. तो घास गिळून टाकला.

आणि तो अडकला.

आधी खोकला आला, मग खोकलाही येईना. त्याचे डोळे मोठे झाले, हात गळ्याकडे गेला, चेहऱ्याचा रंग उतरून कारखान्यातल्या धुतल्या कापडासारखा झाला. शिवलीलानं त्याला पुढं वाकवलं आणि भाकरी थापून थापून लोखंड झालेला तळवा त्याच्या पाठीवर घातला. पुन्हा घातला. पुन्हा. कितव्या रट्ट्याला ते कुणी मोजलं नाही, पण घास बाहेर येऊन ताटात पडला आणि मल्लिनाथनं असा श्वास ओढला की पुढच्या खोलीतल्या बायका धावत आल्या.

"जावा, करपतील भाकऱ्या," शिवलीला त्यांना म्हणाली. त्या गेल्या नाहीत. मग तिनं नुसतं बघितलं, तेव्हा गेल्या.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. दोघांनाही धाप लागली होती.

"कधीपासनं?"

"ती भोवळ आली ना. तेव्हापासनं."

"वर्ष होत आलं!"

"रात्रीचा भात जातो हळूहळू. तुम्ही सगळ्या बोलत असता तोवर होतं माझं. भाकरी जात नाही. कोरडं काहीच जात नाही. घशापर्यंत येतं आणि पुढं रस्ताच नसतो."

"मग सांगायला काय झालं होतं? मी काय परकी होते?"

मल्लिनाथनं ताटाकडे पाहिलं. "तू त्या कॅनडावाल्यांना फोनवर सांगत होतीस. म्हणालीस, माझी भाकरी न आवडणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

"म्हणून?"

"म्हणून काय. मग मी कसं म्हणू, की माझ्या घशाला नको झालीय?"

शिवलीलाला एकदम इतका राग आला की तिला रडू यायचं राहून गेलं. "अहो, घशाला आणि तोंडाला काही फरक आहे की नाही?"

"तेच ना," तो म्हणाला. "चव तोंडात कळते. चावून चावून रोज खाल्लीच मी तुझी भाकरी. चांगली झालेली असते. पुढचं टॉवेल बघायचा." मग म्हणाला, "त्याला आजारी पाडलं मी. तू सांगितल्यावर संक्रांतीपर्यंत गुपचूप पानात बांधून टाकली, मग परत त्याला दिली. टाकून द्यायला हात उठेना."

तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली, मग तोच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावला. पडवीत डबा बंद करून ठेवलेला होता. जगातल्या सगळ्या कुत्र्यांचं भांडण मिटवायला निघालेलं यंत्र आणि वर्षभर एका माणसाच्या शेजारून जाणारी बायको, दोघं एकाच भाकरीनं फसली होती. त्यातल्या त्यात यंत्रानं तरी खरे आकडे जपून ठेवले होते, हे तिला मान्य करावंच लागलं.

---

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गुठळी विरली होती, पण जाताना गिळायच्या स्नायूंची अर्धी वीज घेऊन गेली होती. तपासण्या रक्ताच्या झाल्या, छातीच्या झाल्या, घास गिळून दाखवा असं कुणी म्हणालं नव्हतं. आणखी काही दिवस असेच गेले असते तर एखादा घास श्वासनळीत जाऊन फुप्फुसात सडला असता, असं ते म्हणाले. कोरडं बंद. पाण्यासारखं पातळही बंद. घट्ट, मऊ, एकजीव खाणं, हनुवटी छातीला लावून गिळायचं, आणि रोज गळ्याचा व्यायाम. "होईल सुधारणा," ते म्हणाले. "पण समोर कुणीतरी बसायला पाहिजे."

रात्री नीलाचा फोन आला, तो शिवलीलानं दोघांना ऐकू येईल असा ठेवला. ती रडून झालेली होती आणि आता उपाय शोधायच्या मनःस्थितीत होती.

"आई, माणसांसाठी पण मणी निघालाय. आमचाच. अप्पांनी काय खाल्लं, किती पोटात गेलं, सगळं तुला फोनवर दिसेल. तू भाकऱ्या थापत असलीस तरी. मी उद्याच पाठवते."

"नीले."

"खर्चाचं बघू नकोस तू—"

"नीले, मणी गिळायचा असतो."

मल्लिनाथ हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, म्हणून शिवलीलानं त्याची हनुवटी खाली धरली, आणि ती धरता धरता तीही हसायला लागली. फोनवर नीला, "हसताय काय दोघं? हसताय काय?" असं विचारत राहिली.

"नळीनं सोडता येतो," शेवटी नीला म्हणाली. "सोय आहे तशी."

शिवलीलानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले, म्हणजे तुझं तू ठरव. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं आणि तिला तेच सोयीचं वाटत आलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तू पाठवलास तर तो चांगलाच असेल, नीले. टॉवेलला बोलता येत नाही, त्याला तो पाहिजे. यांना बोलता येतं. यांना कुणी विचारलं नाही, एवढंच झालंय. मणी आला की मी परत फोनच बघत बसेन."

दुसऱ्या दिवसापासून कारखाना दुपारी बंद राहायला लागला. सरूबाईनं आधी कुरकुर केली, मग तीही चटई टाकून झोपायला लागली. टोरंटोची ऑर्डर उशिरा गेली. शिवलीलानं तिकडच्या माणसाला कारण सांगितलं नाही, फक्त उशीर होणार एवढं सांगितलं, आणि तेही असं की त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

टॉवेल घरी आला. डॉक्टरबाईंनी डब्याला सगळं पहिल्यापासून शिकवायला लावलं होतं. डब्यानं धान्याच्या कप्प्याचं झाकण पुन्हा मिटून घेतलं, आणि या वेळी शिवलीलानं त्याला काही ऐकवलं नाही. वाटाण्या-हरभऱ्याचे दाणे त्याच्या भांड्यात पडले, तसे तिनंच त्यात कोमट पाणी घातलं.

मल्लिनाथसाठी तिनं ज्वारी जाड भरडली, रात्रभर भिजवली, आणि ताकात अशी शिजवली की कण्यांना कण्यांची आठवण राहू नये. तिला असलं काही करायचा सराव नव्हता. आयुष्यभर तिनं ज्वारीतलं पाणी काढलं होतं, आता ते परत घालायचं होतं. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, त्या तिनं स्वतः खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी वाटीत चमचा उभा राहिला आणि हळूच एका बाजूला कलला. मग ती वाटी तिनं पडवीत नेली आणि त्याच्यासमोर बसली.

टॉवेल आधीच त्याच्या मांडीला टेकून बसला होता. दुपार झाली की काय होतं हे त्याला वर्षभर पाठ होतं.

मल्लिनाथनं चमचा तोंडात घातला. थोडा वेळ तो घास घोळवत राहिला. टॉवेलनं पंजा उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. मल्लिनाथचा हात, त्यालाही न विचारता, ओठांपाशी गेला.

शिवलीलाच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. त्या तिनं तिथंच ठेवल्या.

हात ओठांशी थांबला. मल्लिनाथनं बायकोकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, आणि हनुवटी छातीला लावली. गळ्याची गाठ वर गेली. वरच राहिली. शिवलीलाचा श्वासही तिच्याबरोबर वर गेला. मग ती गाठ, जड सामान जिन्यानं उतरवावं तशी, सावकाश खाली आली.

खोकला आला नाही.

टॉवेलनं आणखी थोडी वाट पाहिली. मल्लिनाथनं तोंड उघडून त्याला दाखवलं. आत काही नव्हतं. टॉवेलनं ते नीट हुंगून घेतलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि उठून आपल्या भांड्याकडे गेला.

"आता दुसरा," मल्लिनाथ म्हणाला.

शिवलीलानं चमचा उचलला नाही. वाटी त्याच्या हाताशी सरकवली, आणि भिंतीला पाठ टेकून त्याचं जेवण होईपर्यंत तिथंच बसून राहिली.